ह्यूस्डेनचा ब्लाऊ, कन्नूरचा बाल्देयस : विक्रेत्याचा दावा कसा तपासायचा?

बुरुजवेडी

नमस्कार मंडळी. मी नेदरलंड्समध्ये, आइंडहोवनला राहते. जुनी डच कोरीव छापचित्रे हाताळणारे काही जण इथे आहेत, म्हणून धागा काढतेय. दोन चित्रांबद्दल मत हवे आहे.

पहिले : दक्षिण नेदरलंड्समधल्या ह्यूस्डेन या तटबंदीच्या गावाचा आराखडा. विक्रेत्याची चिठ्ठी म्हणते, ‘योआन ब्लाऊ, १६४९, मूळ रंग’. (ब्लाऊ म्हणजे आम्स्टरडॅमचा नकाशा-प्रकाशक.) छपाईच्या तांब्याच्या पत्र्याचा कागदावर उठलेला ठसा साधारण ४१ बाय ५२ सेमी. मधोमध उभी घडी, घडीच्या मागे कागदाची अरुंद पट्टी चिकटवलेली. मागची बाजू पूर्ण कोरी. तटाच्या आत खंदकाने वेढलेला किल्लाही दाखवलाय. हिरवळीचा हिरवा रंग मागे तपकिरी डागांसारखा उमटलाय आणि एका ठिकाणी कागदाला बारीक चीर आहे.

दुसरे : कन्नूरचा किल्ला, समुद्राकडून पाहिलेला. चिठ्ठीवर ‘बाल्देयस, १६७२’, म्हणजे मलबार-सिलोनवर ग्रंथ लिहिणारा डच पाद्री. हे फ्रेममध्ये आहे, कडा पुठ्ठ्याखाली झाकलेल्या. रंग अगदी ताजे. फ्रेम उघडायला विक्रेता नाखूष.

प्रश्न तीन. दावे खरे आहेत का, हे घरच्या घरी कसे तपासायचे? चित्रातला कोट-खंदक कितपत विश्वासार्ह धरायचा? आणि यातले एक रत्नागिरीच्या घरी लावायचे आहे. चार महिने पाऊस, भिंती चिऱ्याच्या. तर ते टिकेल असे कसे लावायचे?

शाईकागद

चिठ्ठीवरचे ‘१६४९’ कशाचे, हे आधी विचारा. चित्र रेखाटणे, तांब्याचा पत्रा कोरणे, त्या पत्र्यावरून तुमच्या हातातला कागद छापणे आणि त्यावर रंग भरणे ही चार वेगवेगळी कामे. त्यांच्या तारखांत कधी महिन्यांचे अंतर असते, कधी शंभर वर्षांचे. बाजारात चारांतली सगळ्यात जुनी तारीख चिठ्ठीवर चढते.

ब्लाऊचा नेदरलंड्सच्या गावांचा दोन खंडी ग्रंथ १६४९ चा. एक खंड उत्तरेच्या स्वतंत्र प्रांतांचा, दुसरा स्पेनच्या राजाकडे राहिलेल्या दक्षिणेचा. लॅटिन आणि डच अशा दोन भाषांत तो निघाला आणि दोन्हींत आराखड्याच्या पानामागे त्या गावाची माहिती छापलेली असते. तुमच्या पानाची मागची बाजू कोरी आहे. एवढ्यावरूनच ‘१६४९’वर प्रश्नचिन्ह लागते. अपवाद असू शकतो, पण तो सिद्ध करणे विक्रेत्याचे काम.

मग कोरे पान येते कुठून? फेब्रुवारी १६७२ मध्ये ब्लाऊंच्या आम्स्टरडॅममधल्या छापखान्याला मोठी आग लागली. पुढे १६७४ पासून त्यांचा माल लिलावात निघाला. गावांचे बरेच पत्रे फ्रेडरिक डे विट या दुसऱ्या प्रकाशकाने घेतले. ब्लाऊंचा प्रतिस्पर्धी प्रकाशक यान्सोनियस, त्याच्या वारसांकडचे पत्रेही नंतर त्याच्याकडेच आले. या सगळ्यांतून त्याने १७व्या शतकाच्या अखेरीस स्वतःचा नगरसंग्रह काढला, तो मागे मजकूर न छापता. त्यानंतर बरेचसे पत्रे लायडनचा प्रकाशक पीटर व्हान डर आ याच्याकडे गेले आणि १७२९ च्या सुमारास पुन्हा छापले गेले. म्हणजे पत्रा तोच, ठसा तोच, आणि कागद मात्र पन्नास-ऐंशी वर्षांनी तरुण. याला खोटे म्हणायचे नाही. ते अस्सल जुने छापचित्रच आहे. फक्त ते १६४९ चे नाही आणि किंमतही त्या हिशेबाने द्यायची नाही.

आता तपासणी. १० पट भिंग, एक टॉर्च आणि मोजपट्टी पुरे.

भिंगाखाली रेष बघा. छिन्नीने कोरलेली रेष बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा टोकदार होऊन संपते. आम्लाने खाल्लेली रेष सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारख्या जाडीची, टोके बोथट. बहुतेक नगरचित्रांत दोन्ही तंत्रे शेजारी शेजारी दिसतात, त्याने घाबरू नका. रेष जर ठिपक्यांची बनलेली असेल, चार रंगांचे ठिपके फुलासारखे गोल मांडलेले, तर ती ऑफसेट छपाई, विषय संपला. ठिपके नाहीत पण अळ्या वळवळल्यासारखा बारीक दाणा दिसतो, तर कोलोटाइप. ही १९-२०व्या शतकातली प्रतिकृती आणि नवख्याला सर्वांत जास्त फसवणारी.

पत्र्याचा ठसा म्हणजे दाबयंत्रातून जाताना ओल्या कागदावर पत्र्याच्या कडेने उठलेला खळगा. तो असला म्हणजे चित्र अस्सल, असे मात्र नाही. प्रतिकृतीवर कोरा पत्रा दाबून खोटा ठसा सहज उठवता येतो. खऱ्या ठशाच्या कडेला कुठे ना कुठे शाईची पुसट रेघ राहते, कारण पत्रा हाताने पुसलेला असतो. उलट, धुऊन इस्त्रीसारखे दाबलेल्या अस्सल प्रतीवर ठसा जवळजवळ सपाट झालेला सापडतो. मापात दोन-चार मिलिमीटरचा फरक आला तर लगेच संशय नको. कागद ओला असताना छापला जातो आणि वाळताना आकसतो, तोही दोन्ही दिशांना सारखा नाही.

कागद उजेडासमोर धरा. १७व्या शतकातल्या हातकागदात दोन प्रकारच्या रेषा दिसतात : एकमेकींना चिकटून जाणाऱ्या बारीक आणि त्यांना काटकोनात, साधारण अडीच सेमी अंतराने, ठळक. त्या ठळक रेषांच्या दोन्ही बाजूंना धूसर सावली हवी, कारण साच्यातल्या पट्ट्यांजवळ लगदा जास्त साचत असे. यंत्राने पाडलेल्या नकली रेषांना ही सावली नसते. पूर्ण ताव मध्ये दुमडलेला असेल तर ठळक रेषा घडीला समांतर जातात आणि जलचिन्ह (वॉटरमार्क) एका अर्ध्याच्या मधोमध येते. रेषाच नसलेला, एकसारखा गुळगुळीत कागद असेल तर तो १८व्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधीचा नाही.

घडी आणि मागची पट्टी ही चांगली खूण. त्या पट्टीवर पान ग्रंथात शिवले जायचे. या आकाराचे ब्लाऊचे पान घडीविना मिळाले तर आधी संशय घ्या.

पत्र्यांची वंशावळ हवी असेल तर कूमानच्या डच अ‍ॅटलससूचीचा चौथा खंड बघा. नगरसंग्रहांची पाने त्यात आवृत्तीनुसार लावली आहेत. मोठ्या ग्रंथालयांत मिळतो.

रेवणी

किल्ल्याबद्दल लिहितो, कारण या चित्रातली सगळ्यात मजेची गोष्ट तीच आहे.

ह्यूस्डेनच्या किल्ल्याचा मुख्य मनोरा पुढे दारूकोठार म्हणून वापरला जात होता. १६८० च्या जुलैत त्यावर वीज पडली आणि किल्ला उडाला. त्यामुळे चित्रात किल्ला उभा आहे याचा अर्थ रेखाटन १६८० आधीचे, एवढाच. छपाई १७०० ची असली तरी पत्र्यावर किल्ला तसाच राहणार, कारण उडालेला किल्ला तांब्यातून खरवडून काढायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नसे. ‘किल्ला दिसतोय म्हणून १६८० पूर्वीची प्रत’ असे सांगणारे विक्रेते भेटतात. ऐकून घ्या आणि सोडून द्या.

विश्वासार्हतेचे विचाराल तर ब्लाऊचे आराखडे सपाट मापाच्या बाबतीत चांगले आहेत. १९६८ पासून ह्यूस्डेनची तटबंदी पुन्हा बांधली गेली, तेव्हा १६४९ चा हाच आराखडा आधाराला घेतला होता. गाव तुमच्यापासून फार लांब नाही. चित्राची प्रत हातात घेऊन तटावरून फेरी मारता येते. बुरुजांचे कोन, पाण्याचे वळण, बंदर जुळवून बघा. घरांच्या ओळी मात्र बऱ्याच अंशी ठोकळेबाज असतात. कोरणाऱ्याला मोठे चर्च, नगरभवन आणि वेशी ओळखू येण्याजोग्या काढायच्या असत. उरलेल्या जागेत तो घरे भरत जाई.

आपल्याकडचे किल्ले बघायची सवय असेल तर काही गोष्टी उलट्या वाटतील. तट दगडाचा नाही, मातीचा. हॉलंडमध्ये दगड मिळत नाही, पाणी हातभर खोलीवर लागते आणि तोफेचा गोळा मातीत रुतून बसतो, दगडासारख्या ढलप्या उडवत नाही. म्हणून रुंद पाणखंदक खोदायचा आणि त्याच मातीचा तट चढवायचा. बुरुज गोल नसून कोनी, कारण गोल बुरुजाच्या तोंडाशी एक तुकडा असा राहतो की तिथे शेजारच्या कुठल्याच बुरुजावरून मारा पोचत नाही. आपल्याकडे हा प्रकार पाहायचा तर वसईचा कोट बघावा.

मुख्य तटाच्या पायथ्याशी, पाण्यालगत जाणारी दुसरी बुटकी रांग म्हणजे रेवणी. पाण्याच्या पातळीवरून बंदुका चालवायला. खंदकात सुटी बेटे दिसतील, टोक बाहेर काढलेली. ती दोन बुरुजांमधल्या तटाला आणि विशेषतः वेशीला आडोसा देतात. बाहेर दोन शिंगांसारखे अर्धे बुरुज पुढे काढलेले बांधकाम दिसले तर ते शत्रूला लांब रोखून धरायचे. बुरुजावर पवनचक्की दिसली तर ती सजावट समजू नका. वारा तिथे मोकळा मिळतो आणि वेढ्यात पीठ आतच दळता आले पाहिजे.

आराखड्यावर अंतराची मोजपट्टी छापलेली असेल तर एकक बहुधा ऱ्हाइनलँडचा रूड. एक रूड म्हणजे १२ फूट, आजचे सुमारे ३.७७ मीटर. जुन्या डच पद्धतीच्या आदर्श आखणीत बुरुजाचा दर्शनी भाग २४ रूड आणि दोन बुरुजांमधला तट ३६ रूड, म्हणजे सुमारे ९० आणि १३५ मीटर. एका बुरुजाच्या कुशीपासून (तटाला मिळणाऱ्या बाजूपासून) शेजारच्या बुरुजाच्या टोकापर्यंतचे अंतर ६० रूडांच्या आत ठेवत, कारण मस्केट बंदुकीची गोळी तेवढ्याच अंतरापर्यंत कामाची. प्रत्यक्ष गावात नदी आणि जुनी वस्ती आडवी येते, त्यामुळे मापे हलतात. तरी कंपास घेऊन दोन-तीन ठिकाणी मोजा. मापे सगळीकडे तंतोतंत पाठ्यपुस्तकी आली तर तो भाग बांधलेला नसून नुसता आखलेला असण्याची शक्यता धरा. असे ‘पुढे बांधू’ छापाचे बुरुज या चित्रांत अधूनमधून सापडतात.

अवांतर : पाणखंदकाचे वैगुण्य कडक हिवाळ्यात दिसायचे. १६७२ च्या डिसेंबरअखेर डचांनी कूफोर्डन हे सात कोनांचे गाव गोठलेला खंदक ओलांडूनच परत घेतले. म्हणून थंडीत शिबंदीला बर्फ फोडत बसावे लागे.

बुरुजवेडी

शाईकागद, रेवणी, दोघांचेही आभार. ह्यूस्डेनची प्रत टॉर्चवर पाहिली. ठळक रेषा घडीला समांतर, अंतर अडीच सेमीला किंचित कमी, बाजूला सावली आहे. डाव्या अर्ध्यात जलचिन्ह : मुकुट असलेली ढाल आणि तिच्यात लिलीचे फूल. ऑफसेटचे ठिपके नाहीत. खंदकाच्या पाण्याच्या आडव्या रेषा काही ठिकाणी जवळजवळ पुसलेल्या आणि त्यांच्यामध्येच काही रेषा एकदम काळ्या, कडक. असे का?

शाईकागद

ते झिजलेल्या पत्र्याचे लक्षण. तांबे मऊ असते. प्रत्येक प्रतीला शाई भरायची, फडक्याने आणि तळहाताने पुसायची, दाबयंत्रातून काढायची. साधारण हजार-दोन हजार प्रतींनंतर सर्वांत उथळ रेषा आधी जातात : पाणी, आकाश, छपरांवरची छाया. मग मालक कोरणाऱ्याकडून त्या पुन्हा खोल करून घेतो. दुसऱ्या हाताने खोल केलेल्या रेषा जुन्यांशी मिसळत नाहीत, त्या तुम्हाला काळ्या-कडक दिसताहेत.

आणखी एक बारीक खूण. अक्षरे कोरण्याआधी ओळ सरळ राहावी म्हणून पत्र्यावर सुईने दोन हलक्या रेघा ओढलेल्या असतात. अगदी सुरुवातीच्या प्रतींत मथळ्याच्या आणि सूचीच्या (चित्रातल्या आकड्यांनुसार दिलेल्या ठिकाणांच्या यादीच्या) वरखाली त्या पुसट छापल्या जातात. काही शे प्रतींनंतर दिसेनाशा होतात. तुमच्या प्रतीत कुठेच नसतील तर तेही उशिराच्या छपाईशी जुळते.

लिलीची ढाल मात्र पुरावा म्हणून धरू नका. ते चिन्ह खूप गिरण्यांनी आणि फार काळ वापरले. आम्स्टरडॅमचे प्रकाशक तेव्हा बराचसा कागद फ्रान्सकडूनच आणत.

आता एकच काम राहते. राइक्सम्युझियम आणि उट्रेख्ट विद्यापीठ यांच्या संकेतस्थळांवर या प्रकारच्या पानांच्या मोठ्या प्रतिमा फुकट आहेत. त्या शेजारी ठेवून तीन जागा जुळवा : मथळ्याच्या चौकटीतली नक्षी, उजव्या खालच्या कोपऱ्यातले प्रकाशकाचे नाव आणि सूचीतल्या आकड्यांची जागा. नाव खरवडून बदलले असेल तर त्या जागी पार्श्वभूमी किंचित मळकट दिसते. नक्षी किंवा झाडांची ठेवणच वेगळी निघाली तर तो ब्लाऊचा पत्राच नव्हे. यान्सोनियसने १६५७ मध्ये काढलेल्या नगरग्रंथांतला असू शकेल. चित्राभोवती स्वतंत्र पत्र्यावरून छापलेली शोभेची चौकट असेल, म्हणजे ठसे दोन दिसले, तर व्हान डर आच्या छपाईकडे बघा.

तूर्त माझे मत : अस्सल, जुनी, पण १७व्या शतकाच्या अखेरची किंवा त्यानंतरची छपाई. किंमत त्यावर बोला.

हिरवाकंच

‘मूळ रंग’ या शब्दांबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. हे ग्रंथ साधे आणि रंगवलेले असे दोन्ही प्रकारे विकले जात. रंग भरणाऱ्यांचा वेगळा व्यवसायच होता. हिरवा तांब्याच्या गंजाचा असे. तो कागदाला आतून जाळतो, मागे तपकिरी उमटतो आणि शेवटी चिरा पडतात. तुमच्या पानावर नेमके हेच झालेय, म्हणजे हिरवा जुना असावा. पण तपकिरी रंग चहाच्या पाण्यानेही आणता येतो. त्यामुळे मागचा डाग पुढच्या हिरव्याच्या कडेबरहुकूम आहे ना, ते ताडून पाहा. चहाचा डाग पसरट आणि बेपर्वा असतो.

याहून भरवशाच्या दोन जागा. पहिली घडी. कागदाच्या अंगाला जिलेटिनची खळ असते तोवर रंग वर बसतो. घडीवर ती झिजल्यानंतर रंग भरला तर तो तंतूंत शिरून गडद रेघ पडते, आणि फाटलेल्या कडेच्या आतही रंग दिसतो. असे दिसले तर रंग झिजेनंतरचा. दुसरी जागा समोरचा अर्धा. पान ग्रंथात शेकडो वर्षे मिटून राहिले की डावीकडच्या गडद रंगाची उलटी छाया उजवीकडे उमटते. ती असेल तर उत्तम.

निळ्याकडेही बघा. झळझळीत, खोल, किंचित हिरवट निळा प्रशियन ब्लू असू शकतो आणि तो १८व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला. म्हणजे तो १६४९ चा असूच शकत नाही. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, पण विक्रेत्याला प्रश्न विचारायला एवढे पुरते.

कन्नूरच्या ‘ताज्या’ रंगांबद्दल माझा अंदाज सरळ आहे : ते हल्लीचे. ग्रंथांतल्या अशा चित्रांना सुटी करून, रंगवून, फ्रेम करून विकणे हा जुना धंदा आहे. खाली छाप अस्सल असू शकते, म्हणून फ्रेम उघडल्याशिवाय पैसे देऊ नका.

शाईकागद

कन्नूरबद्दल हिरवाकंच यांच्याशी सहमत. बाल्देयसचा मलबार, कोरोमंडल आणि सिलोनचा ग्रंथ आम्स्टरडॅमला १६७२ मध्ये निघाला. जर्मन आवृत्तीही त्याच वर्षीची आणि पत्रे तेच. इंग्रजीत तो १७०३-०४ च्या प्रवाससंग्रहात आला, तेव्हा पत्रे नव्याने कोरले गेले आणि मथळे इंग्रजी झाले. म्हणून मथळ्याची भाषा आधी वाचा. इंग्रजी असेल तर चिठ्ठीवरचे १६७२ कापून टाका. आणखी एक : या ग्रंथात मोठी दुपानी चित्रे आहेत, तशी मजकुराच्या पानातच छापलेली छोटीही आहेत. छोट्यांच्या मागे मजकूर असणारच. मागे मजकूर आहे म्हणून घाबरू नका आणि पुठ्ठ्याच्या खिडकीने तो झाकलाय म्हणून फसूही नका.

विक्रेत्याकडे लेखी मागा : फ्रेमबाहेर पुढचा आणि मागचा फोटो, उजेडासमोर धरून एक फोटो, चारही कडांचा ठशासह जवळून फोटो. ठशाच्या आत कापलेले असेल तर भाव निम्म्याखाली आणायला हरकत नाही. द्यायला नकार दिला तर सोडा. हे चित्र दुर्मीळ नाही, दुसरे मिळेल.

रेवणी

कन्नूरच्या चित्रावर माझा ह्यूस्डेनइतका भरवसा नाही. बाल्देयस स्वतः पाद्री म्हणून सैन्याबरोबर फिरला होता, पण पत्रे कोरणारे आम्स्टरडॅममध्ये बसलेले. मूळ रेखाटनात जे नाही ते त्यांनी ठरावीक माड, ठरावीक डोंगर आणि पुढे दोन गलबते घालून भरले. कन्नूरचा हा सेंट अँजेलो किल्ला पोर्तुगिजांचा, १५०५ चा. डचांनी तो १६६३ च्या फेब्रुवारीत घेतला, कोचीनच्या मागोमाग, आणि पुढे आपल्या पद्धतीने बदलला. आज तिथे दिसणारे कोनी बुरुज १६७२ च्या चित्राशी जुळवायला गेलात तर वैतागाल. कोचीनचेही तेच : ताब्यात घेतल्यावर डचांनी गाव आखडून लहान केले आणि नव्या बुरुजांना आपल्या प्रांतांची नावे दिली. त्यामुळे कोचीनचे कुठलेही चित्र घेताना ते वेढ्याच्या वेळचे की नंतरचे, हे बुरुजांच्या नावांवरून आधी ठरवा.

भारतातले कोट डच छापांत हवे असतील तर लिन्सखोटेनच्या १५९६ च्या ग्रंथातला गोव्याचा आराखडा सर्वांत वरचा. जवळजवळ ८० सेमी रुंद, दुमडलेला, व्हान डोटेकमने कोरलेला. लिन्सखोटेन १५८० च्या दशकात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता, त्यामुळे बाजारपेठ, धक्के, रस्ते तपशिलात आले आहेत. त्याच्या घड्यांच्या छेदांवर हमखास फाटलेले असते, तिथे डागडुजी शोधा. आपले डोंगरी गड मात्र या छापांत जवळपास नाहीत. डच ईस्ट इंडिया कंपनीची माणसे बंदरांवर. वेंगुर्ल्याला वखार होती तरी लक्ष गोव्याच्या नाकेबंदीवर. सह्याद्री चढून रेखाटने करण्यात त्यांचा व्यापार नव्हता.

चौकटराजा

रत्नागिरीच्या भिंतीबद्दल.

आधी काय करायचे नाही ते. फेविकॉल नाही, सेलोटेप नाही, गरम दाबून पुठ्ठ्यावर चिकटवणे नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. मागे एमडीएफ किंवा प्लाय नको. दोन्हींतून आम्ल सुटते आणि कागद पिवळा पडतो. नेहमीच्या फ्रेमवाल्याला हे आधीच लिहून द्या, तोंडी सांगितलेले दुकानातल्या पोऱ्यापर्यंत पोचत नाही.

पुढे आणि मागे शंभर टक्के कापसाचा आम्लविरहित माउंटबोर्ड. चित्र मागच्या बोर्डाला फक्त वरच्या कडेवर दोन ठिकाणी टांगायचे, जपानी कोझो कागदाच्या दोन-तीन सेमी पट्ट्यांनी. चारही कडा चिकटवल्या तर पावसाळ्यात कागद फुगतो, जागा मिळत नाही आणि लाटा येतात. ऑक्टोबरच्या उन्हात आकसला की फाटतो. खिडकीचा बोर्ड किमान २ मिमी जाड घ्या म्हणजे काच कागदाला टेकत नाही. टेकली तर तिथेच बुरशी धरते.

चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची (स्टार्चची) खळ. मैदा किंवा कणीक नको. त्यातल्या ग्लुटेनने कसर येते आणि खळ पुढे सोडवतानाही त्रास होतो. एक भाग सत्त्व, चार भाग पाणी, अर्धा तास भिजत. मग दुहेरी भांड्यात मंद आचेवर २०-३० मिनिटे सतत ढवळत, अर्धपारदर्शक होईतो. गार करून बारीक चाळणीतून दोनदा काढा आणि थोड्या पाण्याने दह्याइतकी सैल करा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते, आंबूस वास आला की फेका. आपल्याकडचे बुकबाइंडर टिकावी म्हणून खळीत मोरचूद घालतात. इथे मोरचूद बिलकूल नको. तांब्याने कागदाचे काय होते ते तुमच्या हिरवळीवर दिसतेच आहे.

भिंत घराच्या आतली निवडा. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीचा चिरा आषाढात पाणी ओढतो. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना १ सेमी जाडीचे रबरी ठोकळे लावा, मागून हवा खेळली पाहिजे. काच, बोर्ड, चित्र, मागचा बोर्ड आणि त्यामागे पॉलिएस्टर फिल्म, ही चवड चारही बाजूंनी ॲल्युमिनियम टेपने बंद करा आणि मगच फ्रेममध्ये घाला. हे बंद करायचे काम जानेवारी-फेब्रुवारीत, बोर्ड दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवून. जुलैत बंद केले तर तुम्ही ओल आत कोंडलीत. बुरशीला ६५ टक्क्यांच्या वरची आर्द्रता पुष्कळ काळ मिळाली की पुरते.

अतिनील किरण अडवणारी काच घ्या आणि तरीही थेट ऊन नको. उजेड मंद, ५० लक्सच्या (उजेड मोजायचे एकक) आसपास. डांबराच्या गोळ्या फ्रेमच्या आसपास ठेवू नका. बुरशीवर त्यांचा उपयोग नाही. कसर बघायला वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, फ्रेम उतरवून मागची टेप तपासा.

कागदी_घोडे

चौकटराजा, एवढे करण्याआधी पान धुऊन आम्ल काढून घ्यावे ना? डागही जातील.

हिरवाकंच

या पानाला पाणी लावू नका. तांब्याचा हिरवा असताना पाण्याने तांब्याचे कण पसरतात आणि आज जिथे कागद शाबूत आहे तिथेही जळायला लागतो. चीर पडलेल्या जागी तर हिरव्याचा तुकडाच सुटून येईल. ते काम कागद-संवर्धकाचे, आणि तोही पाणी वापरेलच असे नाही. बहुतेक वेळा चिरेच्या मागे अतिपातळ जपानी कागद, जिलेटिनने, जेमतेम ओल वापरून लावतात. आम्ल काढायची अल्कली काही जुन्या रंगांची छटाही बदलते. कन्नूरचे हल्लीचे रंग तर पहिल्या पाण्यालाच सुटतील. न रंगवलेल्या छापांचे वेगळे, त्या धुतल्या जातात.

बंदरदस्तक

नेण्याचे थोडक्यात. युरोपीय संघाबाहेर नेताना २०० वर्षांहून जुन्या छापील नकाशांना आणि जुन्या छापचित्रांना निर्यात परवाना लागतो तो १५,००० युरोच्या वर. तुमची चित्रे त्याच्या खूप खाली असणार, पण बिल जवळ हवे. बिलावर प्रकाशक, अंदाजे काळ, तंत्र, माप आणि ‘हाताने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेले’ हे शब्द लिहून घ्या. भारतीय कस्टम्समध्ये अशा मूळ छापांचा शीर्षक क्रमांक ९७०२. आराखडा असल्याने अधिकारी त्याला नकाशांच्या ४९०५ मध्ये टाकू शकतो, आणि दर त्या दिवशीचे बघावे लागतील. ९७०६ हा शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तूंचा क्रमांक मागू नका. आधीच्या शीर्षकांत बसणारी वस्तू तिथे जात नाही.

नेण्याआधी एक विचार करा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. एकदा रत्नागिरीला गेलेले चित्र परत आइंडहोवनला आणायचे म्हटले तर पुरातत्त्व खात्याची पायरी चढावी लागेल, आणि तेव्हा आयातीची कागदपत्रेच कामाला येतात. ती चित्राबरोबर फ्रेमच्या मागे न ठेवता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

बांधणी : गुंडाळी करू नका, हिरव्याच्या चिरा वाढतील. दोन ताठ पन्हळी पुठ्ठ्यांच्या मध्ये, कोपऱ्यांना पॉलिएस्टरचे खिसे, बाहेरून प्लॅस्टिकची सीलबंद पिशवी. मार्जिनसकट हे पान हातसामानाच्या बॅगेत मावणार नाही, मोठ्या सुटकेसमध्ये कपड्यांच्या मधोमध सपाट ठेवा. पोचल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका. विमानाच्या थंडीतून आलेला कागद कोकणच्या दमट हवेत लगेच उघडलात तर त्यावर दव धरेल.